उसना कचरा

नदीचा काठ स्वच्छ झाला आणि संस्थेवर आभाळ कोसळलं.

स्वच्छता मोहिमेची तारीख ठरून गेली होती. दोन शाळांची मिळून तीनशे मुलं, रविवारची सुट्टी मोडून येणारे पन्नास स्वयंसेवक, हिरव्या टोप्या, रबरी हातमोजे, देणगीदार कंपनीचे दोन साहेब, एक कॅमेरावाला असं सगळं सांगून झालं होतं. आणि मोहिमेच्या आठ दिवस आधी संस्थेचा कार्यवाह वही घेऊन पाहणीला काठावर उतरला, तर काठ तळहातासारखा साफ. अर्धा तास फिरून त्याला मिळालं काय, तर एक चप्पल, एक फुटका आरसा आणि एक बाटली. तीसुद्धा तो वहीत नोंदवेपर्यंत एका बाईने त्याच्या पायाशी वाकून उचलली.

"अहो, राहू द्या ना ती," तो कळवळून म्हणाला.

"का? तुमची आहे?"

"माझी नाही, पण..."

"मग माझी," बाई म्हणाली आणि बाटली पोत्यात गेली.

ही बाई म्हणजे थोरली. दोन जावांतली थोरली म्हणून घरात पडलेलं नाव तिच्या मागोमाग काठावर आलं आणि तिथेच चिकटलं. आता तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायकाही तिला थोरलीच म्हणायच्या. कार्यवाहाला मात्र कोणी कार्यवाह म्हणत नसे. तो वहीवाला. शिंक आली तरी आधी वेळ टिपून मग शिंकेल, अशी त्याची ख्याती होती.

आता काठ साफ झाला तो माणसं सुधारली म्हणून, असा कोणाचा समज होईल. तसं काही नव्हतं. माणसं होती तिथेच होती. पाणी प्यायची आणि बाटली भिरकावून द्यायची. फरक एवढाच झाला होता, की दीड वर्षापूर्वी कायदा आला: बाटली घेताना एक नाणं जास्तीचं अनामत म्हणून द्यायचं, रिकामी परत केली की नाणं परत. भिरकावणाऱ्यांना नाण्याची फिकीर नव्हती. ज्यांना होती त्या थोरलीसारख्या पाचजणी उजाडायच्या आत काठावर हजर असायच्या, आणि गवतातून बाटल्या अशा वेचायच्या, की मागून येणाऱ्या कुत्र्यालाही हुंगायला काही उरू नये.

हा कायदा ताईंनी आणला. ताई म्हणजे संस्थेच्या संस्थापक. पन्नाशीच्या, काडीसारख्या, चहा प्यायलाही स्वतःचा स्टीलचा पेला पिशवीतून काढणाऱ्या. बाटल्या भरणाऱ्या कंपन्यांनी कायद्याविरुद्ध वकील लावले होते, ताईंनी नुसतं पोट लावलं. अकरा दिवस नगरभवनाच्या पायऱ्यांवर उपाशी बसल्या. त्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं: कचऱ्याला किंमत द्या, कचरा राहणार नाही. गणित बिनचूक सुटलं, आणि तेच संस्थेच्या मुळावर आलं. कारण देणगीदार कंपनी पैसे देते ते कचरा उचलल्याचे. कचरा नसल्याचे पैसे द्यायला तिच्याकडे रकानाच नव्हता.

आणि हे पैसे कशासाठी, तर या काठावर बाटल्या परत घेणारी दुसरी खिडकी उघडायला. पहिली खिडकी पुलापलीकडे होती. डोक्यावर पोतं घेऊन पाऊण तास चालत जायचं, तिथल्या यंत्राच्या तोंडात एकेक बाटली सारायची. यंत्राच्या आवडीनिवडी नव्या जावयासारख्या. लेबल फाटलेलं चालत नाही, बारकोडावर चिखल चालत नाही, आणि मुख्य म्हणजे बाटली गुबगुबीत हवी. चेपलेली असली की तोंडातून परत. म्हणून बायका पोती अंड्यांसारखी जपायच्या. नुसती चेपलेली बाटली थोरली तोंडाने फुंकून पूर्ववत करायची. "नवऱ्याला फुगवण्यात तीस वर्षं गेली, ही काय जड आहे," असं म्हणायची. पण पिळलेल्या बाटलीला इलाज नाही. एकदा पीळ पडला की ती मेलीच.

त्यात पाच आठवड्यांपासून ते यंत्रच बिघडलं होतं. म्हणजे काठावर कचरा नाही, पण थोरलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांची छतापर्यंत थप्पी. वहीवाल्याची नजर काठावरून फिरत फिरत त्या शेडवर जाऊन थांबली, आणि तिथेच या गोष्टीला पाय फुटले.

"किती असतील?" त्याने विचारलं.

छत्तीसशे होत्या. "बेचाळीसशे," थोरली म्हणाली. उसनं देताना जरा चढवून सांगावं, परत घेताना तेवढीच फूटतूट भरून निघते, हा तिचा जुना नियम. अजून कोणी काही मागितलंही नव्हतं. पण माणूस पोत्यांकडे ज्या नजरेने बघतो त्यावरून तिला कळायचं.

"एक विचारू?" वहीवाला म्हणाला. "रविवारी पहाटे या बाटल्या काठावर... मांडायच्या. सकाळी मुलं गोळा करतील, वजन होईल, फोटो होतील. संध्याकाळी पोती तुमची तुम्हाला. एकही कमी नाही."

"म्हणजे मुलांनी उचलावं म्हणून आम्ही टाकायचं?"

"टाकायचं नका म्हणू हो. मांडायचं."

"ताईंना माहीत आहे?"

"त्यांना काय काय सांगणार? आधीच झोप लागत नाही त्यांना." मग त्याने आवाज खाली आणला. "मोहीम झाली नाही तर पैसे नाहीत. पैसे नाहीत तर या काठावर खिडकी नाही. तुम्हीच बघा. आणि तुम्हाला व्यासपीठावर बसवू. नदीची प्रतिनिधी म्हणून. ताईंच्या शेजारी."

"मला काय करायचीय खुर्ची," थोरली म्हणाली, आणि घरी गेल्यावर नवऱ्याला ही गोष्ट तीनदा सांगितली.

अडचण एकच होती. छत्तीसशेतल्या अकराशे बाटल्या धाकटीच्या होत्या.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. दोघींचं एकच अंगण, अंगणात एकच नळ, आणि त्या नळावरून दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण आधी कोणी भरायचं यावरून सुरू झालं आणि सासूच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती जागरणं काढली इथपर्यंत पोचलं. त्यानंतर जे काही सांगायचं ते दोघी अंगणातल्या मांजरीला सांगायच्या. "मने, सांग तिला, बादली काढ म्हणावं." मांजर दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायची आणि कोणाचीच बाजू घ्यायची नाही, त्यामुळे घरात तिचा मान मोठा होता.

मग कायदा आला. एका सकाळी थोरली वरच्या अंगाने वेचत आली, धाकटी खालच्या अंगाने, आणि मधोमध लव्हाळ्यात एकच बाटली. दोघींचे हात एकदम पडले.

"घे तू," थोरली म्हणाली.

"नको, तूच घे."

"अगं घे म्हणते ना."

दोन वर्षांतली ही पहिली वाक्यं. बाटली कोणी घेतली हे आता दोघींनाही आठवत नाही, पण त्या दिवसापासून त्या बरोबर जायला लागल्या. पोती थोरलीच्या शेडमध्ये, पण धाकटीच्या पोत्यांना लाल दोरा आणि दर शंभराला दोऱ्यात एक गाठ. विश्वास आला होता, पण गाठी मारून.

"उसन्या?" धाकटीने ऐकून घेतलं. "कचरा कधी कोणी उसना घेतं का गं?"

"संध्याकाळी परत देणार आहेत. मोजून."

"लिहून दिलंय?"

"वहीत लिहिलंय त्याने."

"त्याच्या वहीत त्याने. तुला काय दिलं?"

"माझा शब्द घे की. माझ्या शब्दावर दे," थोरली म्हणाली.

दोन वर्षं मांजरीमार्फत कारभार चाललेल्या घरात शब्द ही काही छोटी वस्तू नव्हे. "तुझ्या शब्दावर देते," धाकटी म्हणाली. "वहीवाल्याच्या नाही. एक बाटली जरी कमी झाली तरी मी त्याच्याकडे जाणार नाही, तुझ्याकडे येईन."

"ये की. एकाच अंगणात तर आहे."

रविवारी उजाडता उजाडता पाचजणी पोती घेऊन काठावर उतरल्या आणि कचरा करायला लागल्या. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आयुष्यभर वाकून उचललेलं, आता वाकून ठेवायचं. वहीवाला मागून फिरत होता. "जरा नैसर्गिक... अशा रांगेत नको... दोन पाण्यात टाका, वाहून जायच्या नाहीत अशा." धाकटीचा हात बाटली सोडायला तयार होईना. ठेवायची, दोन पावलं जायची, मागे वळून पुन्हा उचलायची.

"अगं, ठेव ना," थोरली म्हणाली.

"ठेवतेय. हाताला कळत नाहीये."

दहा वाजता मुलं आली. थोरलीला हिरवी टोपी मिळाली आणि व्यासपीठावर तिसरी खुर्ची. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला कंपनीचा गोरटेला साहेब. टोपी जरा मोठी होती, भुवयांवर यायची. कॅमेरावाल्याने तिचे सहा फोटो काढले. साहेबाने तिला विचारलं, "नदीचं पूर्वीचं पाणी कसं होतं हो?" तिने सांगितलं, "ओलं होतं." साहेब इतका हसला की ती मनातल्या मनात आणखी दोन उत्तरं तयार करून बसली.

शाळेच्या बाईंनी माइक हातात घेतला. "मुलांनो, आपलं गाणं आठवतंय ना? एक, दोन, तीन!"

आणि तीनशे मुलं एका सुरात ओरडली: "पिळा पिळा, हवा काढा, चपटी करून पिशवीत धाडा!"

हे गाणं संस्थेचंच. कायद्याच्या आधी, बाटल्या नुसत्या ट्रकमध्ये भरून न्यायच्या तेव्हा कमी जागेत जास्त मावाव्या म्हणून संस्थेने शाळाशाळांत शिकवलेलं. पुढे कायदा आला आणि संस्थेने दुसरं पत्रक काढलं: बाटली जशीच्या तशी परत करा. पण ते दुकानांत वाटलं. शाळेत कोणी जाऊन सांगितलं नाही, आणि शाळा एकदा शिकलेलं सहसा विसरत नाहीत. दोन्ही पत्रकं वहीवाल्याच्याच हातची. एका पानावर एक, दुसऱ्यावर दुसरं. दोन्ही एकदम समोर धरून बघावीत हे मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं.

पहिला कर्रर्र आवाज आला तेव्हा थोरलीला वाटलं, कोणीतरी कशावर तरी बसलं. मग दुसरा आला. मग दहा, मग शंभर. पोरं मन लावून पिळत होती. एकेक बाटली दोन्ही हातांत धरून, ओठ दाबून, ओल्या कपड्यासारखी. वर झाकण घट्ट लावून, पिशवीत.

घोळक्याच्या पलीकडे वहीवाला तोंड उघडं टाकून उभा होता. त्याने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने त्याच्याकडे. तो एक पाऊल पुढे आला, तेवढ्यात दुसऱ्या साहेबाने त्याचा दंड धरला आणि काहीतरी विचारायला लागला.

थोरली उठली. म्हणजे अर्धी उठली. शेजारच्या साहेबाला वाटलं, ही मुलांच्या कौतुकासाठी उभी राहते आहे. तोही उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग सगळं व्यासपीठ उठलं. टाळ्या झाल्या. सगळे बसले. थोरलीही बसली.

"बघा," ताई तिच्याकडे झुकून म्हणाल्या, "किती मनापासून करताहेत. हे तुमच्यासारख्यांमुळे."

तोंड उघडायला हीच वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं: ताई, थांबवा, त्या आमच्या आहेत. तोवर दोनशे गेल्या असतील. चौतीसशे वाचल्या असत्या. पण मग ताई विचारतील, तुमच्या कशा? साहेब ऐकेल. खिडकी जाईल. थोरलीने मनात हे सगळं मांडलं, आणि मांडेपर्यंत बत्तीसशे उरल्या. टोपी डोळ्यांवर आली होती ती तिने वर सारली. अठ्ठावीसशे. कॅमेरावाला पुन्हा समोर आला, तशी ती सरळ बसली. खिडकीचा विचार खरा होता, त्यात खोट नव्हती. पण सरळ बसली ती खिडकीसाठी नव्हे.

तेवढ्यात खाली गलका झाला. धाकटी मुलांच्या घोळक्यात शिरली होती. एका पोराच्या हातातली बाटली तिने ओढली. "सोड! पिळू नको मेल्या, सोड ती!" पोरगं घाबरून रडायला लागलं. टोपीवाला एक स्वयंसेवक मध्ये आला.

"बाई, हे मुलांचं काम आहे. पिशवी ठेवा खाली. बाटल्या संस्थेच्या आहेत."

"संस्थेच्या? माझ्या आहेत!"

"नदीवर पडलेल्या बाटल्या तुमच्या कशा?"

कोणाला सांगायचं नाही असं धाकटीनेही कबूल केलं होतं, थोरलीपाशी. तिने व्यासपीठाकडे हात केला. "तिला विचारा! ती सांगेल. तिला विचारा की!"

शाळेच्या बाई भल्या होत्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या माइक घेऊन थोरलीकडे वळल्या. "या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

तीनशे मुलं, पन्नास टोप्या, दोन साहेब, ताई. आणि माइक ओठांना लागलेला, गार.

"आमच्यातलीच आहे," थोरली म्हणाली. "जरा तापट आहे. बसवा तिला सावलीत."

कर्ण्यातून हे पलीकडच्या काठापर्यंत गेलं.

धाकटीने पिशवी खाली ठेवली. स्वयंसेवक तिला झाडाखाली न्यायला लागला, तर तिने त्याचा हात बाजूला केला आणि काठावर उन्हातच जाऊन बसली, व्यासपीठाकडे पाठ करून. बाटल्या संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

वजन नव्वद किलो भरलं. "एवढंच?" साहेब म्हणाला.

संध्याकाळी पोती शेडमध्ये परत आली, शब्द दिल्याप्रमाणे, एकही कमी नाही. फक्त आधी जिथे पंचवीस पोती होती तिथे आता सात होती. थोरली आणि बाकीच्या तिघी बसून एकेक बाटली उघडून फुंकत राहिल्या. गाल दुखले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोनशे बारा सुधारल्या. धाकटी आली नव्हती.

सकाळी ताई आल्या. वहीवाल्याने रात्रीच त्यांच्यापाशी सगळं ओकून टाकलं होतं. तो त्यांच्या मागे मान खाली घालून उभा होता. ताईंनी पोत्यातली एक पिळलेली बाटली काढून हातात धरली.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला झोप लागत नाही म्हणाले हे," थोरली म्हणाली.

"मी आजच जाहीर करते. वर्तमानपत्रात देते. आपण कचरा टाकला, मुलांना फसवलं. चूक ती चूक." ताई मनापासून बोलत होत्या, त्यात नाटक नव्हतं. होऊन जाऊ दे, थोरलीला वाटलं. मग धाकटीला सांगता येईल.

ताई उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसल्या. पिशवीतून पेला काढला, पाणी ओतलं, एक घोट घेतला.

"पण पुढच्या महिन्यात कायद्याची फेरतपासणी आहे," त्या म्हणाल्या, स्वतःशीच. दुसरा घोट. "कंपन्या टपून बसल्यात. 'यांनीच कचरा टाकला' एवढं एक वाक्य त्यांना पुरे आहे. अनामत बंद होईल. मग या काठावर पुन्हा गुडघाभर बाटल्या." तिसरा घोट. "आणि तुमची पोटं..."

पेला रिकामा झाला. अकरा दिवस ज्या बाईला कोणी हलवू शकलं नव्हतं तिला हलायला पेलाभर पाणी पुरलं. बरं, त्यांचं म्हणणं खोटं होतं का? शब्दन् शब्द खरा होता. तीच तर पंचाईत होती.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"मला काय वाटणार, ताई. खुर्चीवर मीही बसलेच होते."

"नुकसान मी भरून देते. संस्थेचे नाहीत, माझे स्वतःचे. किती होत्या?"

"बेचाळीसशे," वहीवाल्याने वही न उघडता सांगितलं.

थोरलीच्या जिभेवर छत्तीसशे आलं आणि परत गेलं. ताईंच्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला होता. नेमका तेव्हाच तो तिला दिसला, आणि तिने नजर दुसरीकडे नेली. दोन दिवसांनी पैसे आले, पूर्ण, बेचाळीसशे नाण्यांचे.

आता एक गोष्ट थोरलीच्या जमेला मांडायला हवी: वरच्या सहाशेंतलं एक नाणंही तिने स्वतःकडे ठेवलं नाही. सगळे धाकटीच्या वाट्यात घातले. धाकटी उंबऱ्यावर बसली होती. तिने पैसे मोजले, मग खिशातून लाल दोरा काढून गाठी मोजल्या, मग पुन्हा पैसे.

"माझे अकराशे. हे सहाशे कसले?"

"असू दे गं. तुला त्रास झाला."

"त्रासाचा दर कोणी काढला? तू की वहीवाल्याने?"

"असं काय करतेस? बाटल्यांचे पैसे मिळाले ना? एकही कमी नाही."

"नाही, कमी नाही. तू शब्दाला पक्की निघालीस," धाकटी म्हणाली आणि सहाशे वेगळे करून तिच्यासमोर ठेवले. ती ओरडत नव्हती. ती ओरडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. तापट म्हणून जगासमोर सांगितलेलं तेवढं तरी खरं झालं असतं. "तू ओळखत नाही म्हणाली असतीस ना जाऊबाई, तर मी समजले असते. माणूस घाबरतं. पण तू मला सावलीत बसवायला सांगितलंस."

"मी काय करायला हवं होतं?"

"ते तुला तिथे बसून सुचलं नाही, मी उंबऱ्यात बसून काय सांगू?"

दुसऱ्या दिवसापासून धाकटी पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जायला लागली. तिथे तिची ओळख नव्हती, वेचणाऱ्या दुसऱ्या बायका तिला आधी हुसकावत होत्या, तरी गेली. भांडण म्हणावं असं काही राहिलं नाही. समोर आली तर बोलते. पाणी आलं का, पोराचा ताप उतरला का, एवढं. दारावरच्या विक्रेत्याशी बोलावं इतपत, आणि तितक्याच गोडीने.

कायदा टिकला. चार महिन्यांनी या काठावर खिडकी उघडली, नवी कोरी, यंत्रासकट. डोक्यावर ओझं घेऊन पाऊण तास चालणं संपलं. खिडकीशेजारच्या भिंतीवर टोपीतल्या थोरलीचा हातभर फोटो लावला आहे, खाली लिहिलं आहे, "नदी आमची, जबाबदारी आमची." बाटल्या सारताना ती त्याच्याकडे बघत नाही. रांगेतल्या बायका बघतात.

एका दुपारी वहीवाला शेडपाशी आला. तो जरा वाळला होता, पण वही नवी होती.

"पुढच्या महिन्यात पलीकडच्या काठावर मोहीम आहे," तो म्हणाला. "या वेळी मुलांना आधी सांगणार. पिळायचं नाही. पत्रकात पहिल्याच ओळीत टाकलंय."

"ताईंना माहीत आहे?"

वहीवाल्याने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "मोहिमेचं सांगितलं. बाटल्या कुठून, ते या वेळी त्यांनी विचारलं नाही."

थोरली पोतं शिवत होती, शिवत राहिली. "तिथे नका करू."

"का?"

"तिथे कचरा नाही."

"तो इथे तरी कुठे होता?" वहीवाला म्हणाला, आणि मग स्वतःच ओशाळला. "तिकडचं यंत्र पुन्हा बंद आहे. एक बाई आहे म्हणे तिकडे, तिच्याकडे पुष्कळ पोती साठलीत. तुमच्या नात्यातली ना?"

"जाऊ."

"हां. तुम्ही एक शब्द टाकलात तर..."

सुई पोत्यात अडकली. थोरलीने ती ओढून काढली, दोरा दाताने तोडला. जगात कुठेही शब्द टाकता येतो. या काठावर तर आता तिच्या शब्दावर लोक पोतीच्या पोती देत होते, फोटो बघून.

"तिच्याकडे जा हवं तर," ती म्हणाली. "पण माझं नाव काढू नका. मग कदाचित ऐकून घेईल."

"आणि काढलं तर?"

"हाकलून देईल. आणि बरोबर करेल."

वहीवाल्याने सवयीने वही उघडली, पलीकडचा काठ, पोती असलेली बाई असं टिपलं आणि त्याखाली लिहिलं: नाव काढू नये. मग पेन तसंच धरून त्याने विचारलं, "रेघ मारू खाली?"

"मारा," थोरली म्हणाली. "दोन मारा."